शाळेत खगोलशास्त्रज्ञांना बोलवायचे आहे – मदत हवी आहे

सर्वांना सादर नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने होतात आणि पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, हे मुलांना मी सांगितले आहे. परंतु अडतीस मुलांना तेथवर नेण्याचा खर्च पालकांना झेपणारा नाही.

गेल्या वर्षी एका अभ्यासकांनी ऑनलाइन संवाद साधला, तेव्हा शनीची कडी दाखवण्याच्या नेमक्या वेळी रेंज गेली आणि पडद्यावर फिरणारे चक्र पाहून मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हीच का ती कडी?" त्यामुळे या खेपेस कोणी प्रत्यक्ष यावे, अशी इच्छा आहे. जानेवारीत, शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ मनात आहे, कारण तेव्हा चंद्रावरील विवरांच्या सावल्या दुर्बिणीतून ठळक दिसतात. शाळेजवळचे दोन दिवे तासभर बंद ठेवण्यास सरपंचांनी होकार दिला आहे (हे काम सर्वांत अवघड वाटले होते).

ग्रामीण शाळेत येणाऱ्या शास्त्रज्ञांना किंवा संशोधक विद्यार्थ्यांना विनंतीपत्र कोणाच्या नावे व किती आधी पाठवावे? प्रवासखर्च आणि मानधनाची रीत काय असते? आणि ऑनलाइनच करावे लागले, तर "रेडिओ दुर्बिणीला दिवसाही दिसते का?" यांसारखे मुलांचे प्रश्न आधी लिहून पाठवणे योग्य ठरेल का? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.