मदत हवी आहे: घड्याळातल्या आकड्यांवरून संसर्ग आधी ओळखता येतो का?

नमस्कार मंडळी. आईची किमोथेरपी चालू आहे, त्यामुळे घरात कुणाला साधा फ्लू झाला तरी धास्ती वाटते. लक्षणं दिसण्याआधीच विश्रांतीच्या वेळचे नाडीचे ठोके वाढू शकतात, हे २०२० मधल्या कोविडच्या अभ्यासांत दिसलं होतं. म्हणून आम्ही सगळेच रात्री स्मार्टवॉच घालून झोपतो. अडचण अशी, की जागरण झालं किंवा लस घेतली तरी आकडा चढतोच. काल माझेच ठोके ५८ वरून ६६ झाले. खोकला नाही, ताप नाही, तरी आईच्या खोलीत मास्क लावूनच गेले.

साधारण किती वाढ दिसली की टेस्ट करून घेता? एकाच रात्रीच्या आकड्यावर जाता की दोन-तीन रात्री बघता? आणि घरातल्या सगळ्यांचे आकडे एका फोनवर दिसतील, पण बाहेर कुठल्या सर्व्हरवर जाणार नाहीत, असं अ‍ॅप कुणी वापरतंय का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण वापरणाऱ्यांचा अनुभवही हवाय.