ख्रिस्ती थ्रिलरमध्ये अंधार किती असावा?

शब्दसखी
आमच्या मंडळीच्या वाचनालयातून मागच्या महिन्यात अमेरिकन ख्रिस्ती थ्रिलर-लेखक टेड डेकर यांची 2009 सालची 'बोनमॅन्स डॉटर्स' ही कादंबरी काढून टाकली. तिच्यातला मारेकरी मुलींची हाडं मोडतो, कातडीला मात्र ओरखडा उठू देत नाही. तरुण संघातल्या एका मुलाने पुस्तक घरी नेलं, त्याच्या आईने नेमकं तसलंच पान उघडलं आणि पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर ते कमिटीच्या टेबलावर होतं. वाचनालय मी बघते, म्हणून प्रश्न मला आला: "याला ख्रिस्ती साहित्य म्हणायचं?"

मी हो म्हटलं, अजूनही म्हणते. दुरावलेल्या लेकीला सोडवण्यासाठी बाप काय काय सोसेल, हा त्या गोष्टीचा गाभा आहे. ती किंमत कळायची तर समोरचं दुष्टपण खरं वाटायला हवं. आणि अंधाराचंच म्हणाल तर बायबलमधलं शास्ते 19 काढा. गिबा गावातली ती रात्र, गावगुंडांनी रात्रभर अत्याचार केलेली, सकाळी दारात पडलेली एका लेवी वंशातल्या माणसाची उपपत्नी, हात उंबऱ्यावर. तो म्हणतो, "ऊठ, आपण जाऊ." उत्तर येत नाही. पुढे तिच्या देहाचे 12 तुकडे. हे पुस्तक आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

दीपस्तंभ
ताई, शास्ते 19 माझ्या बाजूने बोलतं. रात्रभर काय झालं ते शास्त्र एका ओळीत सांगतं आणि पुढे जातं. नजर ठरते ती सकाळच्या उंबऱ्यावर, तिच्या हातांवर. थ्रिलर त्या रात्रीतच मुक्काम ठोकतं, कारण वाचकाला धरून ठेवायचं असतं. मी बरीच वर्षं संडेस्कूल घेतोय. मुलांना मारेकऱ्याची पद्धत तोंडपाठ असते, कृपेचं प्रकरण विचारलं की गप्प. कशाचं मनन करावं हे सांगणाऱ्या फिलिप्पै 4:8 मध्ये 'जे सत्य' आधी येतं हे खरं, पण 'जे शुद्ध' हेही त्याच ओळीत आहे.

शब्दसखी
उंबऱ्याचं पटलं, दादा. मी तसं वाचलं नव्हतं. तरी स्तोत्र 88 बघा. स्तोत्रकार अंधारात सुरू होतो आणि अंधारातच संपतो, शेवटी दिलाशाची ओळ कुणी जोडलेली नाही.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. अमेरिकेतले ख्रिस्ती प्रकाशक शिवी छापायला कचरतात, शरीरसंबंधाचा प्रसंग दाराबाहेर ठेवतात, आणि मारहाण, छळ, खून मात्र खपवून घेतात. हाडं मोडणारा माणूस तोंडातून एक वावगा शब्द काढत नाही! शुद्धतेची ही कुठली मोजपट्टी?

टेक्सासवासी
मी इथे राहतो, थोडी पार्श्वभूमी सांगतो. इथल्या ख्रिस्ती कादंबरीचा वाचक घडला तो जॅनेट ओक यांच्या 1979 च्या 'लव्ह कम्स सॉफ्टली'सारख्या सोज्वळ प्रेमकथांवर. 1986 मध्ये फ्रँक पेरेटी यांची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' आली आणि देवदूत-दुरात्म्यांची लढाई घराघरांत वाचली जाऊ लागली. डेकर त्याच वाटेने पुढे आले. 2006 ची 'हाउस' तर दोघांनी मिळून लिहिली. ख्रिस्ती दुकानात आजी नातवासाठी डोळे मिटून पुस्तक उचलायची, कारण तिथे सगळं 'सुरक्षित' असणार हा भरवसा होता. त्यातली बरीच दुकानं आता गेली, लाइफवे या दुकानांच्या साखळीने 2019 मध्ये आपली सगळी बंद केली. लेखकांनी काय हवं ते लिहावं, पण मुखपृष्ठावर स्पष्ट सूचना असलीच पाहिजे.

ओंजळ
रक्तावर एवढी चर्चा, आणि मला भीती वाटते ती दुसऱ्याच पानांची. पेरेटींच्या त्या कादंबरीत पास्टरवर बलात्काराचा आरोप होतो, तो खोटा असतो आणि त्यामागे दुरात्मे असतात. मी मंडळीतल्या बायकांशी बोलायला बसते. एकीने मला विचारलं होतं, "मी बोलले तर माझ्यात सैतान शिरलाय म्हणतील का?" ती बोलताना पदराचं टोक बोटाभोवती इतकं आवळत होती की बोट पांढरं पडलं. अशा बाईच्या हाती ते पुस्तक पडलं तर? माणसाचं पाप दुरात्म्याच्या खात्यावर टाकणारी गोष्ट हाडं मोडण्यापेक्षा जास्त दुखवते. डेकरचा मारेकरी निदान माणूस आहे.

दीपस्तंभ
ओंजळताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. पेरेटी मी स्वतः तरुण संघात वाटलंय.

शब्दसखी
मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची, एका ख्रिस्ती माणसाने लिहिलेली. ती विधवांच्या हालांनी भरलेली आहे, आणि ते हाल त्या काळच्या घरांत रोज घडत होते.

दीपस्तंभ
पण पदमनजींनी ते हाल थांबावेत म्हणून लिहिलं, वाचकाला झोप येऊ नये म्हणून नव्हे. हा फरक मी सोडणार नाही. तुमच्या कमिटीत असतो तर मी मोठ्यांच्या कपाटाला हो म्हटलं असतं, तरुण संघाच्या कपाटाला नाही.

शब्दसखी
मोठ्यांच्या कपाटाचा प्रस्ताव मी येत्या बैठकीत मांडते. पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. त्या मुलाने खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट अजून आत आहे, शेवटाच्या बरंच अलीकडे. बाप लेकीपर्यंत पोहोचतो का, हे त्याला अजून कळलेलं नाही.