मदत हवी आहे: गाडीचं ॲव्हरेज १६ वरून साडेअकरावर आलंय

रिकामी टाकी

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, पेट्रोल, हजार सीसीची हॅचबॅक, ८१ हजार किमी झालेली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'आमची कंपनी भारी की तुमची' यातच धागा शंभरी गाठेल.

रोजचा रस्ता धायरी ते हिंजवडी, बायपासवरून. जाऊन-येऊन ५० किमी, महिन्याला साधारण ११०० किमी. गेल्या वर्षीपर्यंत लिटरला १६ मिळायचं. पावसाळ्यात १४ झालं, दिवाळीनंतर १३, आणि आता तर साडेअकरा. हिशोब केला तर महिन्याला २७ लिटर जास्त जातायत. शंभरच्या वर भाव आहे, म्हणजे २८०० रुपये नुसते धुरात.

सर्व्हिसिंग वेळेवर होतं. प्लग आणि एअर फिल्टर दोन महिन्यांपूर्वी बदलले, शून्य फरक. गॅरेजवाला म्हणतो ई२० पेट्रोल, सगळ्यांचंच असं झालंय. नवरा म्हणतो माझा पाय जड आहे. शेजारचे काका म्हणतात इंजिनचं काम काढा, रिंगा गेल्या. यातलं खरं काय? इंजिन उघडायच्या आधी काय तपासू?

गिअर पाचवा

विका आणि सीएनजी घ्या. विषय संपला.

रिकामी टाकी

पैसे तुम्ही देताय का दादा?

पान्हेवाला

ताई, आधी एक सांगा, साडेअकरा मोजलं कसं? हजाराचं पेट्रोल टाकून दिवा लागेपर्यंत किती चालली, असं असेल तर तो आकडा सोडून द्या. इंधनाचा काटा आणि तो दिवा, दोन्ही अंदाजपंचे.

फुल टू फुल करा. टाकी ऑटो कटपर्यंत भरा. नॉझल खट झालं की थांबायचं. पंपावरचा पोरगा राउंड फिगरसाठी अजून दाबायला लागला तर नको म्हणा. ट्रिप मीटर शून्य. किमान ३०० किमी चालवा. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर, ऑटो कटपर्यंत. किमी भागिले लिटर. असं दोनदा करा, मग बोलू.

तोवर फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी. एक, टायरमधली हवा. सकाळी गाडी थंड असताना भरा, आणि पंक्चरवाल्याच्या मनानं नाही तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावरच्या आकड्यानं. दोन, बायपासवरून १० किमी न थांबता चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. टेकवू नका, चटका बसेल. एखादं बाकीच्यांपेक्षा फारच गरम लागलं तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

शेंगदाणा

ई२०ला शिव्या घालायची फॅशन आली आहे, म्हणून थोडं गणित. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याचं २० टक्के मिश्रण म्हटल्यावर ऊर्जा सहा-सात टक्के घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही ई१० धरून ट्यून केलेल्या चारचाकींना ई२०वर ६ ते ७ टक्के फटका बसेल असाच अंदाज होता. तुमची गाडी त्याच वयाची.

आता १६चे ७ टक्के किती? सव्वा किमीसुद्धा नाही. म्हणजे सगळं पाप इथेनॉलच्या पदरात घातलं तरी गाडी १५च्या आसपास हवी. साडेअकरा नाही. तुमच्या गॅरेजवाल्याला सोपं उत्तर सापडलंय, इतकंच.

मॅग्नेटमॅन

पेट्रोलच्या पाइपवर चुंबक बसवा, ३० टक्के वाढ गॅरंटी. व्यनि (खासगी निरोप) करा.

पान्हेवाला

ॲडमिन, या माणसाला आवरा. चुंबकानं वाढत असतं तर कंपन्यांनीच बसवून दिलं असतं आणि त्याचे दहा हजार जास्त लावले असते.

आप्पा निवांत

मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय. उतार आला की न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो की नवले पुलापर्यंत पेट्रोलचा थेंब लागत नाही. तुमची पिढी उगाच गिअरमध्ये चालवते.

पान्हेवाला

आप्पा, मान ठेवून सांगतो, हे कार्ब्युरेटरच्या काळातलं झालं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टरच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलीत की इंजिनाला स्वतःच्या दमावर फिरावं लागतं, त्यासाठी पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि तिथंच जळतंय.

आणि तो उतार तर नावच काढू नका. तिथं ट्रक उलटल्याची बातमी आली की त्यात 'न्यूट्रल' हा शब्द बहुतेक वेळा सापडतो. सगळा भार ब्रेकवर आला की ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत.

आप्पा निवांत

गिअरमध्ये पेट्रोल शून्य? पटत नाही. पण मुलाला विचारतो.

सातवा सिग्नल

मीही हिंजवडीचाच कैदी. भूमकर चौकात आणि पुढे शिवाजी चौकात मिळून उभं राहण्यात रोज २० मिनिटं जातात, ती कुणी मोजत नाही. छोटं इंजिन नुसतं उभं राहून तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसी चालू असेल तर अजून जास्त. महिन्याचे २२ दिवस धरले तर पाच-साडेपाच लिटर फक्त पुढच्या गाडीचा नंबर पाठ करण्यात गेले. सिग्नलचा आकडा ३०च्या वर दिसला की मी किल्ली बंद करतो. बाकी हाफ क्लचवर रांगणं सोडा. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये एकदाच जा. मधे रिक्षा घुसते, घुसू दे.

ब्रोशरमधला आकडा मात्र मनातून काढा. आपल्याच कोथरूडच्या एआरएआयमध्ये, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, असतात तसल्या रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या चक्रानं गाडी पळवतात आणि त्यातून तो येतो. त्या चक्रात भूमकर चौक नाही.

रिकामी टाकी

फुल टू फुल झालं. ३१२ किमी, २५.४ लिटर. म्हणजे १२.३. साडेअकराहून बरं, पण दुःख तेच.

हवा चारही चाकांत २४-२५ पीएसआय निघाली, स्टिकरवर ३३! भरली. स्टिअरिंग हलकं झालं हे नक्की. चाकं सगळी सारखीच कोमट. आणि या वेळी निम्मे दिवस गाडी नवऱ्यानं नेली होती, तेव्हा जड पायाचा मुद्दा आमच्या घरात निकाली निघालाय.

शेंगदाणा

हवेनं थोडं वाढेल, चमत्कार नाही. अमेरिकन ऊर्जा खात्याचा ठोकताळा एका पीएसआयला ०.२ टक्के असा आहे, म्हणजे तुमच्या आठ-नऊ पीएसआयचे पावणेदोन टक्के. तरी टायर वाचले.

एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही यातही नवल नाही. अमेरिकेतल्याच ओक रिज प्रयोगशाळेनं २००९मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून इंजेक्शनच्या गाड्या तपासल्या होत्या, ॲव्हरेज जवळजवळ तेवढंच राहिलं, पिकअप तेवढा मंदावला. हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मापानं कमी सोडतो.

पान्हेवाला

ताई, पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट आहे जी कुणी विचारलीच नाही. घसरण पावसाळ्यात सुरू झाली म्हणता. त्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये गाडीला काय झालं होतं? अपघात, गॅरेज, काहीही. अगदी किरकोळ वाटलं तरी लिहा. आणि डॅशबोर्डवर एखादा दिवा नेहमीपेक्षा वेगळा वागतोय का?

रिकामी टाकी

मेमध्ये साताऱ्याला लग्नाला जाताना खंबाटकी चढताना गाडी तापली होती. लाल दिवा लागला, बाजूला घेऊन तासभर थांबलो. पुढे हायवेच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यानं काहीतरी काढून टाकलं, पाणी भरलं, ३०० रुपये घेतले. तेव्हापासून एकदाही तापलेली नाही, म्हणून ते डोक्यातूनच गेलं होतं.

दिवा म्हणाल तर सकाळी निळा दिवा लागतो तो बराच वेळ राहतो. वारजे ओलांडलं तरी असतो. थंडी आहे म्हणून असेल ना?

पान्हेवाला

'काहीतरी काढून टाकलं.' हेच हवं होतं. त्यानं थर्मोस्टॅट वॉल काढलाय. पैजेवर सांगतो.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटा वॉल असतो, आत मेण भरलेला. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरला जातच नाही, त्यामुळे इंजिन झटपट गरम होतं. ८२-८८ अंशांच्या आसपास मेण फुगतं आणि वॉल उघडतो. आता तो वॉलच नाही म्हटल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतंय, बायपासवर समोरून गार वारा लागतोय, आणि इंजिन बिचारं तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. तुमची गाडी रोज ऑफिसपर्यंत 'आत्ताच उठलेय' म्हणत जातेय. निळा दिवा तेच सांगतोय, इंजिन अजून थंड आहे. थंडी वाढली तसं ॲव्हरेज अजून पडलं, तेही यात बसतं.

"आपल्याकडे त्याची गरज नाही, ते थंड देशातल्यांसाठी असतं," हे वाक्य मी हायवेवरच्या किती गॅरेजांत ऐकलंय त्याला मोजदाद नाही. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूष.

खात्री करायची तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून बायपासवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या त्या पाण्याचं, तापमान बघा. ८०च्या वर स्थिर दिसलं पाहिजे. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण स्वतः उघडायला जाऊ नका, वाफ तोंडावर येते.

बर्फातला कोकणी

मिनेसोटातून लिहितोय. इथं हा वॉल उघडा अडकला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतं, कारण हीटरमधून गार वारा येतो आणि माणूस काकडतो. आपल्याकडे हीटरच्या बटणाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे आठ महिने पत्ता लागला नाही. ताई, उद्या सकाळी अर्धा तास चालवल्यावर हीटर लावून बघा. कोमट आला तर पान्हेवाल्यांना मिसळ लागू.

रिकामी टाकी

हीटर लावला. कोमटसुद्धा नाही, माठातल्या पाण्यासारखा! ऑफिसातल्या मित्राकडे स्कॅनर होता, बावधनच्या पुढे ५९ ते ६२ दाखवत होता.

मग घरी आल्यावर, इंजिनाचं काम काढा म्हणणाऱ्या शेजारच्या काकांना वॉलचं सांगितलं. म्हणाले, "अगं ते मी पण काढलंय माझ्या गाडीचं."

पान्हेवाला

आता नुसता वॉल बसवून मोकळ्या होऊ नका. मेमध्ये गाडी तापली ती का, हे अजून कुणी शोधलेलंच नाही. तो रोग झाकला गेलाय. वॉल परत बसला की उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढेल. मेकॅनिकला सांगा, उभ्या गाडीत एसी बंद ठेवून इंजिन तापू दे आणि रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो का ते बघ. फॅन मोटर, रिले, मग रेडिएटर तुंबलाय का, या क्रमानं. शिवाय त्या गॅरेजवाल्यानं नळाचं पाणी भरलं असणार. ते सगळं काढून कंपनीनं सांगितलेलं कूलंट भरून घ्या. बोअरचं पाणी तर मुळीच नको, आत क्षार धरतात.

रिकामी टाकी

उशिरा लिहितेय, माफ करा. वॉलच्या जागी खरंच काही नव्हतं, नुसतं पॅकिंग. नवीन बसवला. पंख्याचा रिले मधूनच दगा देत होता, तोही बदलला. निघालेलं पाणी चहासारखं लाल. कूलंट आणि मजुरी धरून जे बिल झालं ते दीड महिन्यात वसूल होईल असं दिसतंय.

काल टाकी भरली. ३४१ किमी, २४.१ लिटर. १४.१. सातव्या सिग्नलचा सल्ला मी पाळतेय. नवरा पाळत नाही, म्हणतो सारखं स्टार्टर मारून बॅटरी जाईल. अजून एक किमी कुठंतरी अडकलाय, तो पुढच्या दोन टाक्यांनंतर शोधू.

निळा दिवा आता वडगावचा पूल यायच्या आत विझतो. काकांना स्कॅनर नेऊन दिलाय.

आप्पा निवांत

मुलाला विचारलं. गिअरमध्ये शून्यच म्हणाला. पण भोर घाटात एकदा स्वतः बघितल्याशिवाय मी मानणार नाही. ताई, काकांचं झालं की तो स्कॅनर मिळेल का?