मदत हवी आहे : वाईत सकाळी यंत्र धूर मोजतंय की धुकं?

वाईला घर आहे, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. तिन्ही बाजूंनी डोंगर. पावसाळ्यात हवा धुतल्यासारखी असते. पण दिवाळीनंतर रात्री गारठा वाढला की थंड हवा खोऱ्यात तळाला बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि पाचटाचा नि बंबांचा धूर खालीच कोंडतो. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख सापडते, म्हणजे धूर आहे हे नक्की.

प्रश्न आकड्यांचा आहे. हवेतली धूळ मोजणारं लेसरवालं स्वस्तातलं यंत्र सकाळी सातला पीएम 2.5 (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) घनमीटरला दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास दाखवतं, दुपारी दोनला चाळिशीच्या आत. चोवीस तासांच्या सरासरीची आपली, म्हणजे भारतातली, मर्यादा 60 आहे. यंत्र स्वयंपाकघरापासून लांब, गच्चीवर सावलीत हलवलं; मित्राचं यंत्र शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही सारखीच. पण सकाळी आर्द्रता 90 टक्क्यांवर असते आणि ही यंत्रं धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात.

आईला दमा आहे, फिरायची वेळ ठरवायची आहे. महागडं यंत्र परवडणार नाही. अशा खोऱ्यात राहणाऱ्यांनो, आर्द्रता किती टक्क्यांच्या वर गेली की आकडा बाद धरता, आणि त्याखाली दुरुस्ती कशी करता?