थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या फलकावर काय लिहायचं?

तेरणाकाठ: १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम प्रदर्शनाचे फलक लिहायलोय. मांडायला एनसीसीची जुनी ड्रिलची रायफल मिळतेय. आधीच्या मसुद्यात '१८५७ ची एनफील्ड, इंग्लंडची बनावट' असं आहे. पण बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) दांडीखाली मुकुट, 'जीआरआय', 'इशापूर', १९४२ आणि तीनच्या आकड्यापुढं तारा कोरलेला दिसतोय. नेमकं काय लिहू? आणि हिच्यात काडतुसं अडकायची म्हणतात, ते का?

खटका: १८५७ आधी खोडा. ती पॅटर्न १८५३: बोअर (नळीचा आतला व्यास) .५७७ इंच, तोंडातून भरायची, काडतूस दातानं फाडायचं. तुमची ली-एनफील्ड, बोअर .३०३, म्हणून थ्री-नॉट-थ्री. बोल्ट आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) जेम्स पॅरिस ली या संशोधकाचं. दोघींत सामाईक फक्त लंडनजवळच्या एनफील्डच्या कारखान्याचं नाव. पहिली ली-एनफील्ड १८९५ ची, मार्क थ्री, म्हणजे तुमच्या रायफलीवरचा तीन, १९०७ ची. पहिल्या महायुद्धात उत्पादन झटपट व्हावं म्हणून काही भाग गाळले, त्याची खूण तो तारा. इशापूर बंगालातलं, म्हणजे बनावट इथलीच. जीआरआय म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. पुढं मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

नळदुर्गी: 'हीच रायफल १९४८ ला चालली' असं मात्र लिहू नका, पुरावा लागेल. निजामावरच्या पोलिस कारवाईत १३ सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्गात शिरलेल्या भारतीय पायदळाकडं याच जातीच्या रायफली होत्या, एवढं बिनधास्त लिहा.

खटका: अडकण्याचं कारण काडतुसाच्या बुडाची बाहेर आलेली कड. मॅगझिनमध्ये गोळ्या १०, पाच-पाचच्या दोन क्लिपा (गोळ्या एकत्र धरणाऱ्या पट्ट्या). वरच्या गोळीची कड खालचीच्या मागं पडली, की बोल्ट पुढं जाताना खालचीलाही रेटतो आणि दोन्ही अडून बसतात. म्हणून सुटी गोळी भरताना कड आधीचीच्या पुढंच बसवायची. क्लिपमध्ये पहिली, तिसरी, पाचवी खाली आणि दुसरी, चौथी वर, म्हणजे क्लिप उलटसुलट कशीही लावा.

दुसरी खोड गंजाची. काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या जुन्या टोपीतल्या रसायनाचं मीठ नळीत राहतं, ते तेलात विरघळत नाही. आधी उकळतं पाणी, मग पुलथ्रूनं (नळीतून ओढायच्या दोरीनं) कोरडी चिंदी, शेवटी तेलाची. नुसतं तेल मारून ठेवलेली नळी आतून खड्डे पडून गेलीच समजा.

मांडताना बोल्ट काढून ठेवा: पूर्ण मागं ओढा, बोल्टचं डोकं अंगठ्यानं वर उचला, सरळ बाहेर येतो. त्यावरचा नंबर बॉडीशी जुळतो का बघा.

तेरणाकाठ: नाही जुळत, शेवटचे दोन आकडे वेगळे. बॉडीवर 'डीपी' पण आहे.

खटका: डीपी म्हणजे फक्त ड्रिलसाठी, गोळी झाडायला नाही. चालत्या रायफलीत परका बोल्ट घातला तर काडतुसामागची फट बदलते. ती वाढली की पितळी बूड फाटतं. ड्रिलच्या रायफलीत बहुधा वेगवेगळ्या रायफलींचे सुटे भाग जोडलेले असतात. फक्त 'सर्व भाग मूळचे' असं लिहू नका.

नळदुर्गी: जागा उरली तर खाली एक ओळ टाका: साठच्या दशकात इशापूरनंच हिला ७.६२ मिमीच्या काडतुसासाठी बनवलं, मॅगझिन १२ गोळ्यांचं. लायसनवाल्यांकडची .३१५ पण याच बोल्टच्या घराण्यातली, ती बघणाऱ्यांना ओळखीची वाटेल.