मदत हवी आहे: ६१७४ मागचं 'का' कला शाखेच्या मुलांना कसं दाखवावं?

'गणितातलं सौंदर्य' या ओपन इलेक्टिव्हच्या एका तासाला देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचा स्थिरांक, म्हणजे ६१७४, घ्यायचा आहे. कृती सोपी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. घोळ होतो तो २१११ सारख्या संख्येत: फरक ९९९. तो ०९९९ असा न लिहिता पुढे गेलं की हाती शून्य! शून्य राखलं तर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

खरं सौंदर्य याच्या पुढे आहे. उतरत्या क्रमाचे अंक अ, ब, क, ड धरले तर फरक = ९९९(अ−ड) + ९०(ब−क). अ−ड १ ते ९ मधलं काहीही, आणि ब−क त्याहून मोठं होत नाही; म्हणजे हजारो संख्यांमधून फक्त ५४ फरक उरतात. हे सूत्र न घोकता मुलांना डोळ्यांनी दिसायला हवं. या ५४ फरकांची बाणांची आकृती (कुठल्या फरकावरून पुढे कुठला येतो ते दाखवणारी) कुणी फळ्यावर मावेल अशी केली आहे का? मांडणी कशी ठेवलीत?

शिवाय, पाच अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही. ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडेच फिरत राहतात. हे त्याच तासात घ्यावं का?