होप-कॅल्विन : भांडण १८५७चं की बास्केटबॉलचं?

मिशिगनकर : होप आणि कॅल्विन, मिशिगनमधली दोन कॉलेजं, बास्केटबॉलमधली जुनी वैरी. काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, "होप-कॅल्विन म्हणजे डच चर्चचं १८५७चं भांडण, बास्केटबॉल नुसतं निमित्त." आरसीएतून (रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका) चार मंडळ्या फुटल्या, त्यांचं सीआरसी (ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च) झालं, कबूल. पण तेव्हा दोन्ही कॉलेजं होती कुठे? आरसीएचं होप १८६६चं, सीआरसीचं कॅल्विन १८७६चं. होपचं हॉलंड ते कॅल्विनचं ग्रँड रॅपिड्स पन्नास किलोमीटरच्या आत. डिव्हिजन थ्रीत (कॉलेज-खेळांची दोघांची श्रेणी) खेळाची स्कॉलरशिप नाही, म्हणून दोघांचा डोळा त्याच शाळांतल्या, त्याच घरांतल्या पोरांवर. चुरस तिथली आहे.

नाठाळ : त्याच घरांतली म्हणजे त्याच चर्चमधली, साहेब. आमचा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभार. बाकी मुलांच्या राष्ट्रीय ट्रॉफ्या कॅल्विनकडे दोन, १९९२ आणि २०००. होप १९९६ आणि १९९८ला फायनलमधून हात हलवत परत.

केशरी_निळा : मुली खेळत नाहीत वाटतं? होप १९९०, २००६, २०२२. घ्या मोजून. आणि तीनने पुढे असताना शेवटी फाउल न करणारा कोच हरतो (फाउल केला तर त्यांना एकेका गुणाचे दोनच फ्री थ्रो, नाही केला तर तीन गुणांचा लांबचा शॉट, म्हणजे थ्री, आणि बरोबरी), यात चर्च कुठे आलं?

पंचनामा : "फाउल करा" म्हणायला काय जातं! ड्रिबल चालू असतानाच, चेंडूवर हात घालून करावा लागतो. नुसती मिठी मारलीत तर फ्लॅग्रंट वन, म्हणजे जास्त शिक्षेचा फाउल : दोन फ्री थ्रो, वर चेंडूही त्यांचाच. थ्रीसाठी उठल्यावर हात लागला तर तीन फ्री थ्रो, म्हणजे आघाडी गेलीच. आणि मुलांच्या खेळात त्या हाफमध्ये तुमच्या संघाचे सात फाउल झाले नसतील तर फ्री थ्रोही नाही, नुसता थ्रो-इन (त्यांनी बाहेरून चेंडू आत टाकायचा).

केशरी_निळा : मग काय, आरामात थ्री मारू द्यायचा?

पंचनामा : पुढचं ऐका तरी. पहिला फ्री थ्रो घालतात, दुसरा मुद्दाम चुकवतात, उडालेला चेंडू पकडून परत शॉट मारायला (रिंगला लागायलाच हवा, नाहीतर व्हायोलेशन, म्हणजे नियमभंग). लेनवर (बास्केटसमोरच्या पट्ट्याच्या कडेला) तुमचे चार, त्यांचे दोन, तळाच्या दोन्ही जागा तुमच्या. तरी रिबाउंड (तो उडालेला चेंडू) जातो! चौघं चेंडूकडे बघत उभे, शूटरला अडवायला कुणीच नाही.

नाठाळ : आठ सेकंद असताना फाउल केलात तर ते उलट तुम्हाला फाउल करणार, तुमचा एक चुकला की परत थ्रीची संधी. चारच्या आत आल्यावरच करा.

पंचनामा : हे मात्र बरोबर बोललात. चुकून का होईना.

मिशिगनकर : धागा १८५७वर होता.

केशरी_निळा : पाच सेकंद. चारला तो शॉटसाठी उठलेला असतो.